दुखऱ्या हाताचे मोल

१९९६ च्या उन्हाळ्यात ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर एक छायाचित्र छापून आले. अटलांटा ऑलिंपिकसाठी निवडलेल्या अमेरिकन संघातले काही तरुण पिचर त्यात एकत्र उभे होते. पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला गोलंदाज समजा. फरक असा की, तो धावत येत नाही. एका जागेवरून हात फिरवून चेंडू थेट फलंदाजाकडे फेकतो. त्यामुळे सगळा ताण त्याच्या कोपरावर आणि खांद्यावर येतो.

त्या छायाचित्रात टेनेसी विद्यापीठाचा आर. ए. डिकी होता. टेक्सस रेंजर्स या व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले होते आणि करारावर सही केल्याबद्दल ८ लाख १० हजार डॉलर देण्याचे कबूल केले होते. या एकगठ्ठा रकमेला ‘साइनिंग बोनस’ म्हणतात. छायाचित्रात डिकीचा उजवा हात कोपरात किंचित वाकून लोंबत होता. संघाच्या वैद्यकीय पथकातल्या एकाला ते खटकले. तपासणी झाली आणि निघाले ते अजबच. कोपराच्या आतल्या बाजूला हाडे बांधून ठेवणारा जो अस्थिबंध पिचरच्या हाताचा आधार असतो, तो डिकीच्या हातात नव्हताच. फाटला नव्हता, झिजलाही नव्हता, नव्हताच! बोनस ८ लाख १० हजारांवरून ७५ हजारांवर आला. डिकीने तेवढ्यावर सही केली.

आता त्याच्या पाच वर्षे आधीची गोष्ट ऐका. १९९१ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने उत्तर कॅरोलायनातल्या ब्रायन टेलर या शाळकरी मुलाला देशात पहिल्या क्रमांकावर निवडले आणि १५ लाख ५० हजार डॉलर दिले. त्याच्या डाव्या हातात कसलीही खोट नव्हती. १९९३ च्या डिसेंबरात भावाची बाजू घेऊन तो एका मारामारीत पडला आणि त्याचा डावा खांदा निकामी झाला. अव्वल दर्जाच्या, म्हणजे मेजर लीगच्या, एकाही सामन्यात तो चेंडू टाकू शकला नाही.

आणि अस्थिबंध नसलेला डिकी? तो ‘नकलबॉल’ नावाचा, बोटांच्या टोकांनी धरून जवळपास फिरकी न देता सोडायचा संथ चेंडू शिकला. २०१२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून खेळताना त्याने २० सामने जिंकून दिले आणि सर्वोत्तम पिचरचा ‘साय यंग’ पुरस्कार मिळवला. त्या वर्षीच्या जानेवारीत तो किलिमांजारो पर्वत चढला होता. तो चढला मुंबईतल्या एका संस्थेसाठी. देहविक्रयाच्या व्यापारात अडकलेल्या स्त्रिया आणि मुलींना सोडवण्याचे काम ती करते. चढताना दुखापत झाली तर तुझा त्या वर्षाचा करार आम्ही रद्द करू शकतो, अशी लेखी तंबी मेट्सने त्याला दिली होती. तो चढला, सुखरूप उतरला आणि २०१३ च्या जानेवारीत आपल्या दोन मुलींना घेऊन मुंबईला येऊनही गेला.

डिकीच्या डॉक्टरांचे काहीच चुकले नव्हते. हाताच्या आत काय आहे आणि काय नाही, हे त्यांनी बरोबर सांगितले. त्या हाताचा मालक पुढे काय करील, हे कुठल्याच चित्रात दिसत नसते. अशा अनिश्चित मालावर अमेरिकेतले संघ लाखो डॉलर लावतात. हात दुखावलेला आहे, हे कळूनसुद्धा लावतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढली. मला तो वेडेपणा वाटत नाही. मला तो नीट आखलेला हिशेब वाटतो. माझी हरकत आहे ती त्या हिशेबातल्या एका कलमाला.

आधी बाजार समजून घेऊ. १९६४ मध्ये लॉस एंजलिस एंजल्सने रिक रायकार्ट या तरुणाला दोन लाखांहून अधिक डॉलर देऊन करारबद्ध केले. संघांमधली ही चढाओढ मालकांना परवडेना. १९६५ पासून त्यांनी ‘ड्राफ्ट’ सुरू केला. संघांनी क्रमाक्रमाने मुले निवडायची आणि ज्याने निवडले त्याच्याशीच त्या मुलाने बोलणी करायची. म्हणजे विकणारा एक आणि गिऱ्हाईकही एकच. २०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक दर ठरवून दिला जाऊ लागला. त्या दरांची बेरीज म्हणजे संघाची थैली. थैलीपेक्षा जास्त खर्च केला तर दंड, आणि फारच जास्त केला तर पुढच्या वर्षांच्या निवडींवर पाणी.

या थैलीमुळे दुखऱ्या हाताला बाजार आला. निरोगी असता तर पहिल्या पाचांत गेला असता, असा मुलगा कोपर दुखावल्याने खाली घसरतो. पंधराव्या-विसाव्या क्रमांकावरचा संघ त्याला उचलतो. पहिल्या प्रतीचा माल दुसऱ्या प्रतीच्या भावात. शिवाय शस्त्रक्रिया आहेच. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या मनगटातला स्नायुरज्जू काढून कोपरात फाटक्या अस्थिबंधाच्या जागी बसवला. यशाची शक्यता त्यांना शंभरात एक वाटत होती. टॉमी जॉन १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि तिच्यासाठी एक-दीड वर्ष थांबायला संघ तयार असतात.

२०१२ मध्ये लुकास जिओलिटोचे कोपर दुखावलेले असताना वॉशिंग्टनने त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतले, २९ लाख २५ हजार डॉलर दिले आणि त्याच ऑगस्टमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून खेळताना त्याने प्रतिस्पर्ध्यांना अख्ख्या सामन्यात एकही ‘हिट’ मिळू दिला नाही. २०१५ मध्ये लॉस एंजलिस डॉजर्सने वॉकर ब्यूलरला चोविसाव्या क्रमांकावर, ठरल्या दरापेक्षा कमी बोनसवर घेतले. सही झाली आणि थोड्याच दिवसांत त्याच्यावरही हीच शस्त्रक्रिया झाली. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमधला अखेरचा बळी डॉजर्ससाठी त्यानेच घेतला.

कर्जाचा अर्ज समोर आला की आम्ही माणूस पाहत असू, त्याचा धंदा पाहत असू आणि मग तारण. इथे तिन्ही एकाच हातात आहेत, आणि तो हात दुखतो आहे. तरी संघाला भीती का वाटत नाही? कारण बोनस ही आपल्याकडच्या पगडीसारखी रक्कम आहे. एकदाच मोठी द्यायची, परत मागायची नाही. पण त्यानंतरचे भाडे नाममात्र. मेजर लीगमध्ये सहा वर्षे भरेपर्यंत खेळाडू खुल्या बाजारात जाऊ शकत नाही. पहिली तीनेक वर्षे तर त्याला किमान वेतनाच्या आसपासच पैसे मिळतात. २०२५ मध्ये हे वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. उलट खुल्या बाजारात पिचर घ्यायचा तर काय पडते? २०१९ च्या डिसेंबरात यांकीजने गेरिट कोलशी ९ वर्षांचा करार केला तो ३२ कोटी ४० लाख डॉलरचा, म्हणजे वर्षाला ३ कोटी ६० लाख. समजा, एखाद्या संघाने दहा दुखऱ्या हातांवर प्रत्येकी २० लाख लावले आणि त्यातले नऊ बुडाले. खर्च झाला २ कोटी. दहावा खरा निघाला तर कोलच्या एका वर्षाच्या पगाराहून कमी पैशांत सहा वर्षांचा अव्वल पिचर हाती आला. असे बुडीत खाते कुठल्याही बँकेने हसत सोसले असते.

पण संघाकडे दहा हात असतात आणि मुलाकडे एकच. त्याला नऊ बुडवून दहाव्यावर भरपाई करता येत नाही. मेजर लीगखालच्या संघांत तर २०२३ च्या करारानंतरही सर्वांत वरच्या पायरीला वर्षाचे किमान वेतन होते ३५ हजार ८०० डॉलर, आणि त्याआधी याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून ‘एवढ्याशा पोराला एवढे पैसे!’ हा उद्गार मला पटत नाही. बहुतेक मुलांच्या हाती बेसबॉलमधून लागणारी मोठी रक्कम ती तेवढीच. तोच पगार, तोच भविष्यनिर्वाह निधी आणि तोच विमा.

माझी हरकत आहे ती यानंतर घडते त्याला. २०१४ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने ब्रॅडी एकेन या कॅलिफोर्नियातल्या शाळकरी पिचरला देशात पहिल्या क्रमांकावर निवडले. त्या जागेचा दर होता सुमारे ७९ लाख डॉलर. एकेन ६५ लाखांवर राजी झाला. उरलेल्या पैशांतून संघ आणखी दोन मुले घेणार होता. वैद्यकीय तपासणीत त्याच्या कोपरातला अस्थिबंध संघाला नाजूक वाटला. ६५ चे ३१ लाख झाले, अगदी शेवटच्या क्षणी ५० झाले. मुलाने सही केली नाही. पण जेकब निक्स या दुसऱ्या मुलाचे काय? त्याचे १५ लाख ठरले होते आणि त्याचा हात धडधाकट होता. एकेनची सही न झाल्याने त्याच्या जागेचे पैसे थैलीतून वजा झाले आणि निक्सलाही संघाने सोडून दिले. खेळाडूंच्या संघटनेने तक्रार केली. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले.

संघाची भीती खोटी नव्हती, हेही सांगायला हवे. २०१५ च्या मार्चमध्ये एकेनच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. क्लीव्हलँडने त्याला सतराव्या क्रमांकावर २५ लाखांत घेतले, पण तो मेजर लीगपर्यंत पोचला नाही. ॲस्ट्रोजला मात्र भरपाई म्हणून २०१५ मधली दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. तिच्यातून आलेला ॲलेक्स ब्रेगमन २०१७ आणि २०२२ च्या विजेत्या संघांत होता. म्हणजे व्यवहार मोडला तरी संघाचे काही गेले नाही.

कुमार रॉकरचे नाव वाचून आपले कान टवकारतील. त्याची आई ललिता भारतीय वंशाची, तिचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेलेले. २०२१ मध्ये मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले आणि ६० लाख डॉलर ठरले. रॉकरने आधी एमआरआय दिला नव्हता. नंतरच्या तपासणीत मेट्सला त्याच्या हाताबद्दल शंका आली आणि त्यांनी देकारच दिला नाही. नियमाप्रमाणे मेट्सला पुढच्या वर्षीची अकराव्या क्रमांकाची निवड मिळाली. रॉकरला वर्ष काढावे लागले. त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२२ मध्ये टेक्ससने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेऊन ५२ लाख दिले. २०२३ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या सप्टेंबरात तो मेजर लीगमध्ये उतरला.

तारणाचे मूल्यांकन आधी आणि मंजुरीपत्र नंतर, हा बँकेतला साधा नियम. कर्जदाराने मंजुरीपत्राच्या भरवशावर दुसरीकडे ‘नको’ कळवून टाकल्यावर आपला मूल्यांकनकार पाठवणाऱ्या बँकेला कोण बँक म्हणेल? बेसबॉलमध्ये बरीच वर्षे हे असेच चालले. २०२२ च्या करारात थोडी सुधारणा झाली. आघाडीच्या ज्या खेळाडूंनी ड्राफ्टपूर्वीच वैद्यकीय तपासणी करून घेतली, त्यांना ठरल्या दराच्या निदान ७५ टक्के देकार दिलाच पाहिजे, असे त्यात ठरले. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण ज्या मुलाने तपासणी करून घेतली नाही, त्याचा शब्द अजूनही एकतर्फी राहतो.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, असे समजू नका. २०२२ च्या आयपीएल लिलावात मुंबई इंडियन्सने जोफ्रा आर्चरला ८ कोटी रुपयांना घेतले, तेव्हा त्या हंगामात तो खेळणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. २०२३ मध्ये तो पाच सामने खेळला आणि पुन्हा दुखापतीने बाहेर गेला. पण आर्चर विश्वचषक जिंकलेला जाणता खेळाडू होता आणि दुखापत उघड होती. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घेतले, देणाऱ्यानेही. त्यात कुणी फसले नाही.

प्रश्न अठरा वर्षांच्या मुलाचा आहे. त्याच्या हाताचा अहवाल आधी कोण वाचणार, तो आणि त्याचे आईवडील की त्याला विकत घेणारा संघ? आकडा ठरण्यापूर्वी की ठरल्यानंतर? दुखऱ्या हाताला कमी मोल मिळाले तर त्यात अन्याय नाही. धोका असेल तर भाव उतरणारच. डिकीलाही तो उतरलेला भाव पत्करावा लागला. पण तो भाव मुलाला आधी कळला पाहिजे, दुसऱ्या वाटा अजून खुल्या असताना. आपल्याकडेही मैदानावर मुलाला सोडून दिवसभर पॅव्हेलियनच्या पायरीवर डबा घेऊन बसणारे आईबाप कमी नाहीत. उद्या त्यांच्यासमोर कुणी मोठ्या आकड्याचा कागद ठेवलाच, तर आकड्याकडे मागाहून पाहावे. तपासणी कधी होणार आणि तिच्यानंतर दिलेला शब्द कुणाला बांधील राहणार, ते कलम आधी वाचावे.