डोंगरावरची खोप आणि गावाचे कर्तव्य

२०२० च्या पावसाळ्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका कन्येची वार्ता देशभर पोहोचली. कणकवली तालुक्यातील एका डोंगराळ खेड्यातील ही मुलगी मुंबईत पशुवैद्यकशास्त्राचे शिक्षण घेत होती. मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि ती गावीच राहिली. महाविद्यालयाचे वर्ग ऑनलाइन सुरू झाले. परंतु घरात मोबाइलला रेंज नव्हती. शोधता शोधता डोंगरावर एके ठिकाणी ती मिळाली. प्रारंभी ही मुलगी छत्री घेऊन तेथे बसत असे. पावसाने जोर धरला, तेव्हा भावांनी तिच्यासाठी तेथे छोटीशी खोप उभारली. कोकणातल्या धुवाधार पावसात, त्या आडोशाला बसून तिने आपला अभ्यास सुरू ठेवला.

तिच्या जिद्दीचे सर्वत्र कौतुक झाले. वृत्तपत्रांतून बातमी आल्यावर यंत्रणाही हलली आणि तिच्यापर्यंत इंटरनेटची जोडणी पोहोचली. हे उचितच झाले. तथापि, जिची बातमी झाली तिला जोडणी मिळाली. जिची बातमी झाली नाही, तिचे काय? हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

कोकणची भूरचना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या अडचणीचे नवल वाटणार नाही. येथील गाव एका ठिकाणी वसलेले नसते. दरीच्या उतारावर एक वाडी, व्हाळापलीकडे दुसरी, सड्याच्या पायथ्याशी तिसरी. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी डोंगराआड अडतात. म्हणूनच सड्यावर रेंज असते आणि घराच्या पडवीत नसते. अशा विखुरलेल्या वस्तीसाठी मनोरा उभारणे कंपन्यांना किफायतशीर वाटत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम १५ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक तर ४.४ टक्के घरांतच होता. महामारी येण्यापूर्वीचे हे चित्र होते. त्याच पायावर आपण रातोरात ऑनलाइन शिक्षणाचा डोलारा उभा केला.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली; तीच पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. परंतु तार ग्रामपंचायतीच्या दारी आली म्हणजे ती वाडीवरच्या मुलीच्या हाती आली असे नव्हे. शिवाय मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले, तेव्हा जेथे जोडणी होती तेथेही ती कुचकामी ठरली.

महामारी सरली, वर्ग पुन्हा भरले. म्हणून हा विषय संपला असे समजू नये. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, परीक्षेचा अर्ज ऑनलाइन आणि २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला. रेंजच्या शोधात डोंगर चढण्याची वेळ आजही एखाद्या विद्यार्थ्यावर येऊ शकते.

यावर उपाय आपल्याच परंपरेत आहे. पुस्तक विकत घेणे सर्वांना परवडत नव्हते, तेव्हा कोकणी माणसाने ग्रंथालये उभी केली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे. एकाचे पुस्तक शंभरांनी वाचावे, हाच त्यामागील विचार. तोच विचार आज इंटरनेटला लावता येईल. शाळेची रिकामी खोली, वाचनालयाचा माळा किंवा देवळाचा सभामंडप यांपैकी एक जागा, तेथवर आणलेली जोडणी, वीज गेल्यास चालणारी बॅटरी, चार मेज आणि देखरेखीला एखादे निवृत्त गुरुजी. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी मनावर घेतले, तर एवढा खर्च कोणत्याही गावाला जड नाही.

त्या मुलीसाठी तिच्या भावांनी खोप बांधली. आपली बहीण शिकते आहे, एवढेच त्यांना पुरेसे होते. गावातील प्रत्येक शिकणारे मूल आपलेच आहे, ही भावना जागी झाली, तर कोणत्याही विद्यार्थिनीला छत्री घेऊन डोंगरावर बसावे लागणार नाही. जिद्दीचे कौतुक जरूर करावे. पण त्या कौतुकाआड आपले कर्तव्य लपवू नये.