पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

बुलडाणा जिल्ह्याचा नकाशा क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे आणि तेथे रेल्वे नाही. जिल्ह्यातील माणसे आपल्या मुलखाचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग मानतात. घाटाखाली पूर्णा नदी वाहते. तिच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके आहेत. तेथल्या एखाद्या खेड्यातील, दोन्ही पायांनी अधू झालेल्या मजुराला शासनाची मासिक मदत हवी असेल, तर त्याचे पहिले काम म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळविणे. ज्या व्यंगाच्या तपासणीस तज्ज्ञ डॉक्टर लागतो, त्यासाठी बहुधा जिल्ह्याचे रुग्णालयच गाठावे लागते. म्हणजे पूर्णा ओलांडायची, मोताळ्यामार्गे राजूर घाट चढायचा, आणि तोही नेमून दिलेल्या दिवशी. सोबतीला घरचे कोणी न्यायचे, म्हणजे त्याचीही त्या दिवसाची मजुरी बुडाली. अपंगांना एस. टी.च्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे. परंतु ती प्रमाणपत्र दाखविल्यावर. प्रमाणपत्र आणायला जाताना मात्र पूर्ण भाडे द्यावे लागते!

हा प्रवास म्हणजे केवळ पहिली पायरी. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात 1980 साली सुरू झाली. निराधार, विधवा, दुर्धर रोगाने ग्रासलेले आणि अपंग अशा माणसांना राज्याने दरमहा हात द्यावा, हा तिचा उदात्त हेतू. तिचा लाभ घ्यायचा तर किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र, राज्यात 15 वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा, वयाचा पुरावा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल हवा, अर्जासाठी सेतू केंद्राची वारी हवी. एवढे झाल्यावर अर्ज तालुका समितीपुढे जातो. या समितीवर पालकमंत्र्यांच्या शिफारशीने अशासकीय अध्यक्ष नेमला जातो. तिची बैठक होईतो अर्जदाराने वाट पाहायची. विचारायला जावे तर पुन्हा एक प्रवास, पुन्हा एक बुडालेली मजुरी.

उत्पन्नाच्या अटीचेही गणित मांडून पाहू. अपंग अर्जदाराच्या संपूर्ण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असावे, असा नियम आहे. 2025–26 साली रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील दर दिवसाला 312 रुपये होता. या दराने घरातील एकाच माणसाने वर्षात 160 दिवस काम केले, तर 49,920 रुपये होतात. एकशे एकसष्टाव्या दिवशी तो कामावर गेला, की कुटुंब नियमाच्या दृष्टीने सधन झाले आणि घरातील अपंग मुलाचा हक्क संपला. वर्षाचे उरलेले 205 दिवस या कुटुंबाने घरी बसून राहावे, अशी अपेक्षा आहे काय? आणि तसे कोणी बसत नसेल, तर खोटा दाखला मिळविण्यावाचून त्याला गत्यंतर काय? गरिबाला खोटे बोलायला लावणारा नियम करायचा आणि मग गरीब खोटे बोलतो म्हणून त्याच्यावर संशय घ्यायचा, हा न्याय नव्हे.

अनुदान मंजूर झाले म्हणजे सुटका झाली, असेही नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. डिसेंबर 2024 पासून पैसे थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली. मधल्या हातांची गळती थांबावी, हा तिचा हेतू चांगलाच आहे. परंतु कुष्ठरोगाने ज्याची बोटे झडली आहेत, त्याने अंगठ्याचा ठसा कोठून आणायचा? जो अंध आहे, त्याने यंत्रासमोर डोळ्यांची उघडझाप कशी करून दाखवायची? सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी ॲसिड हल्ल्यातील पीडित व अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना, अशा ओळखतपासणीच्या पद्धती अपंगांना वापरता येतील अशा करा, असे बजावले आहे. न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच सारे आले.

‘शासनाची यंत्रणाच अपुरी आहे, ती तरी काय करणार?’ असे कोणी म्हणेल. या प्रश्नाचे उत्तर शासनानेच 2024 साली देऊन ठेवले आहे. त्या वर्षी जुलैच्या आरंभी लाडक्या बहिणींच्या योजनेचे अर्ज सुरू झाले आणि ऑगस्टच्या मध्यास पहिले पैसे खात्यांत जमाही झाले. उत्पन्नाची मर्यादा होती अडीच लाख रुपये, आणि पिवळी वा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरजच नव्हती. त्या भगिनींना मिळालेल्या पैशांबद्दल आमची यत्किंचितही तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच, की जी शिधापत्रिका तेथे गरिबीचा पुरावा म्हणून पुरली, ती पांगळ्या माणसाच्या अर्जाला का पुरत नाही? एका मर्यादेत पाच कुटुंबे मावतील एवढा फरक दोन योजनांमध्ये का असावा? इच्छा असली म्हणजे हीच यंत्रणा दीड महिन्यात धावू शकते, हे आता सिद्ध झाले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खोटी प्रमाणपत्रे काढणारे आहेत, म्हणून तपासणी कडक हवी, असे म्हटले जाते. खोटे दाखले निघतात, हे आम्हांस मान्य आहे. 2024 साली प्रशासकीय सेवेतील एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यांचा वाद देशभर गाजला. परंतु लबाडी करणाऱ्याजवळ वाहन असते, ओळख असते, पैसा असतो. दहा खेपा घालायला सांगितल्या तरी तो दहा खेपा घालतो. अकराव्या खेपेला जो घरी बसतो, तो खरा अपंग असतो. म्हणजे हेलपाट्यांच्या या चाळणीतून खरा माणूस बाहेर पडतो आणि लबाड आत राहतो. लबाडी पकडायची असेल, तर प्रमाणपत्र देणाऱ्याला जबाबदार धरावे. घेणाऱ्याला फरफटवून ती पकडता येत नाही.

आणि हे सारे दयेच्या भाषेत बोलण्याचे कारणच काय? बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत राज्याने साहाय्य करावे, असे राज्यघटनेचे 41 वे कलम सांगते. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 रोजी अमलात आला. त्याच्या 24 व्या कलमाने, इतरांना मिळणाऱ्या तशाच साहाय्यापेक्षा अपंगांना किमान 25 टक्के अधिक द्यावे, असे बंधन घातले. या कलमात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत खरे; पण इतरांना जे दिले त्याच्या सव्वापट द्यायचे, या हिशेबात कुवतीची सबब कशी चालेल? तरीही 2023 साली अनुदान 1,500 रुपये झाले, तेव्हा अपंगालाही तेवढेच मिळाले. कायद्याप्रमाणे त्याचे 1,875 रुपये होत होते. दोन वर्षांहून अधिक काळ दरमहा 375 रुपये त्याच्या ताटातून काढले गेले. ऑक्टोबर 2025 पासून ही रक्कम 2,500 रुपये झाली, त्याचे स्वागतच आहे. मागील थकबाकीचे मात्र कोणी नाव काढत नाही. केंद्र शासनाचे तर 80 टक्के अपंगत्वासाठीचे 300 रुपयांचे निवृत्तिवेतन 2012 पासून तसूभरही हललेले नाही. ‘अपंग’ शब्द टाकून ‘दिव्यांग’ म्हटल्याने ही तूट भरून येत नाही.

मग करावे काय? जून 2021 पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र केंद्राच्या संकेतस्थळावरूनच दिले जाते. अर्जदाराचे नाव, गाव, वय आणि अपंगत्वाची टक्केवारी ही सर्व माहिती त्या दिवसापासून शासनाच्याच हाती असते. शिधापत्रिकेची नोंदही शासनाचीच. या दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर प्रमाणपत्र मिळताक्षणी अनुदान सुरू करता येईल. वेगळ्या अर्जाची गरजच उरणार नाही. कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर नेण्याचे काम पगारी माणसांचे आहे, पाय नसलेल्या माणसाचे नव्हे. तपासणीसाठी डॉक्टरांनी ठरावीक दिवशी प्रत्येक तालुक्यास जावे. ज्याचे व्यंग कायमचे आहे, त्याच्या हयातीची खात्री तलाठ्याने वा ग्रामसेवकाने त्याच्या घरी जाऊन करावी.

आपल्यापैकी अनेकांचा हात अपंगांना मदत देण्यास नेहमी पुढे असतो, आणि ते भूषणावहच आहे. परंतु चाकांची खुर्ची भेट देऊन आपण घरी परततो, तेव्हा तिच्यात बसलेल्या माणसाचा अर्ज तहसीलात कोठे अडला आहे, हे सहसा विचारत नाही. यापुढे ते विचारावे. आपल्या गावातील एकेका अपंगाचा अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला आणि आज कोणाच्या मेजावर आहे, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागावे, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. त्या हेलपाट्यांसाठी लागणारे धडधाकट पाय आपल्याजवळ आहेत.