ग्रेगोरियन गान परके, मग कीबोर्ड कोणाचा?

ख्रिस्ती उपासनेतील ग्रेगोरियन गान परके आहे, सबब ते सोडावे, हा युक्तिवाद दिल्लीतील आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींत नुकताच पुन्हा ऐकला. बोलणारे गृहस्थ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा हवाला देत होते. आम्हां कारकुनांना एक खोड असते. कोणी आदेशाचा हवाला दिला की मूळ कागद काढून पाहावासा वाटतो.

४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झालेल्या उपासनाविषयक संविधानाच्या ११६ व्या कलमान्वये, इतर बाबी समान असता, या गानास अग्रस्थान द्यावयाचे आहे. ११९ वे कलम स्थानिक संगीतपरंपरेस योग्य स्थान देते. पैकी ‘इतर बाबी समान असता’ या फटीतून अख्खे गान बाहेर गेले आणि ११९ व्या कलमाच्या नावावर आत आला तो कीबोर्ड! गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीस येथील एका चर्चमध्ये गेलो होतो. प्रार्थना थांबली तरी त्या यंत्रातला ठेका थांबेना. त्याची विधवा मान खाली घालून तो संपण्याची वाट पाहत राहिली. हे स्वदेशी म्हणावयाचे?

खरोखरच देशी हवे असेल, तर फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आहे. १६१६ साली छापलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. जन्माने इंग्रज असलेल्या या जेझुइटाने ओवी निवडली ती उगीच नव्हे. ओवीस पेटी लागत नाही, तबला लागत नाही; शब्द नेईल तिकडे सूर जातो. ग्रेगोरियन गानाची रीतही हीच. वसईत जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या माझ्या आजीला ते गान कधी परके वाटले नाही.

लांबलचक आलापांची गाने मंडळीस मुकी करतात, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. म्हणून तर १९७४ साली पोप सहावे पॉल यांनी सोप्या गानांची पुस्तिका बिशपांकडे धाडली. त्यातले ‘किरिये’ (जे लॅटिन नसून ग्रीक आहे, हेही लॅटिनद्वेष्ट्यांच्या गावी नसते!) मुले दोन रविवारांत शिकतील. कीबोर्डपुढे मंडळी केवळ श्रोते होऊन बसतात, त्याचे काय?

येत्या उपवासकाळात आपण मराठी कुटुंबे प्रार्थनेस जमू तेव्हा ते यंत्र बंद ठेवून एक ‘किरिये’ आणि पुराणातील पाच ओव्या म्हणून पाहाव्यात. १९५६ ची पुण्याची देवनागरी आवृत्ती माझ्या कपाटात आहे. ज्यांना हवी त्यांनी घेऊन जावी.