वाळूचा हिशेब न्यायालयाने मागितला, तर बिघडले कोठे?

१० ऑगस्ट १७६३. राक्षसभुवन, आजच्या गेवराई तालुक्यातले. निजामअली गोदावरी ओलांडून पैलतीरी गेलेला, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह ऐलतीरी अडकलेला आणि मध्ये दुथडी भरलेले पात्र. माधवराव पेशवे व राघोबादादा यांनी नेमकी तीच वेळ साधली. दिवाण मारला गेला. आमच्या बीड जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध लढाईचा निम्मा निकाल नदीने लावला होता.

हा धागा मात्र त्या लढाईचा नाही. ज्या पात्रामुळे ती जिंकली गेली, त्या पात्रातील वाळूचा आहे.

वाळूघाटांचे लिलाव रखडले की दर उन्हाळ्यात एकच सूर निघतो : पर्यावरणाच्या कागदांत न्यायालये नाक खुपसतात, म्हणून वाळू महागते आणि गरिबाचे घरकुल अडते. हा युक्तिवाद ऐकायला दयाळू आहे. इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही.

मुळात नदीचे पात्र कोणाचे? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम २० सांगते की नद्या व त्यांचे तळ राज्याच्या मालकीचे. पण मालकी म्हणजे विक्रीची मोकळीक नव्हे. रोमन सम्राट जस्टिनियनच्या संहितेत वाहते पाणी व समुद्रकिनारा सर्वांचा मानला होता. तोच धागा पकडून सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात (निकाल डिसेंबर १९९६) शासन अशा संपत्तीचे विश्वस्त आहे, असे बजावले. विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. आमच्या महसूल खात्याला मात्र हिशेब घेण्याची सवय, देण्याची नाही.

आता टाळाटाळीचा इतिहास पाहा. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत ५ हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांना पूर्वपरवानगीतून सूट होती. मग काय, देशभर पट्ट्यांचे तुकडे पडू लागले. एकाच नदीत लहान लहान पट्टे शेजारी शेजारी, प्रत्येक कागदावर निरुपद्रवी, सगळे मिळून नदीचा फडशा. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली : पट्टा ५ हेक्टरहून लहान असला तरी परवानगी लागेलच.

केंद्राने काय केले? १५ जानेवारी २०१६ रोजी नवी अधिसूचना काढली आणि ५ हेक्टरपर्यंतच्या पट्ट्यांची पर्यावरण परवानगी जिल्हा पातळीच्या प्राधिकरणाकडे सोपवली. अध्यक्ष कोण? जिल्हाधिकारी. म्हणजे जे कार्यालय वाळूघाटाचा लिलाव करणार, ज्याच्या माथ्यावर गौण खनिजाच्या वसुलीचे उद्दिष्ट, त्यानेच त्या घाटाची पर्यावरणीय परीक्षा घ्यायची! परीक्षार्थीलाच उत्तरपत्रिका तपासायला देण्याचा हा प्रकार. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०१८ मध्ये सत्येंद्र पांडे प्रकरणात या व्यवस्थेला हरकत घेतली ती दीपक कुमार निकालाला ती छेद देते म्हणूनच.

आणि सर्वांत महत्त्वाचा निकाल अगदी अलीकडचा, २२ ऑगस्ट २०२५ चा. श्रीनगरच्या रिंग रोडसाठी शालीगंगा नाल्यातून वाळू काढायला परवानगी मिळाली होती. जिल्हा सर्वेक्षण अहवालात वाळू दरवर्षी किती भरून येते, म्हणजे पुनर्भरण किती, याचा अभ्यासच नव्हता. लवादाने परवानगी रद्द केली; सर्वोच्च न्यायालयाने लवादाचे म्हणणे उचलून धरले. असा अभ्यास नसलेला अहवाल परवानगीचा पाया होऊ शकत नाही, हे त्यातले सूत्र. जंगलातील झाड तोडण्याआधी ते किती वेगाने वाढते हे पाहावे लागते, तसेच हे, असे न्यायालयाने समजावले. माझ्या आजीला यासाठी निकालपत्र लागले नसते. कणगीत किती धान्य आहे हे पाहिल्याशिवाय ती दळण काढत नसे.

आता हा प्रश्न बीडच्या गोदाकाठी लावून पाहा. वर पैठणला जायकवाडी, १९७६ पासून उभे. धरणाच्या भिंतीमागे गाळ साचतो, वाळूही साचते. ती खाली गेवराईला येत नाही. पुढे मंजरथला सिंदफणा मिळते, तर तिच्यावर माजलगावचे धरण. म्हणजे आमच्या पात्रातील बरीचशी वाळू ही धरणांपूर्वीच्या शतकांनी साठवलेली ठेव आहे. तिच्यावर व्याज जवळजवळ येत नाही आणि आपण मुद्दल उपसत आहोत, केणीने, पोकलेनने, रात्रीच्या हायवांनी. वाळूचा थर हा नदीकाठच्या विहिरींचा पाणीसाठा असतो. तो खरवडला की विहिरी तळ गाठतात आणि पात्रात उरलेले खोल खड्डे पावसाळ्यात जीव घेतात. ज्या जिल्ह्याची ओळखच दुष्काळ आणि ऊसतोडीचे स्थलांतर, तिथे हा साठा गमावणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला हवे काय?

घरकुलाचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. सरसकट बंदीने चोरटा उपसा फोफावतो, हे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या प्रकरणात १० नोव्हेंबर २०२१ रोजी मान्य केले आहे. पण त्यातून तपासणी सैल करा, हा निष्कर्ष कसा निघतो? राज्याने २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडे वळले. दोन वर्षांत धोरण उलटे फिरले ते शासनाच्याच निर्णयाने. घरकुलाला लागणारी पाच ब्रास वाळू नदी संपवत नाही. ती वाळू कोणाच्या नावावर निघते आणि कोणाच्या बांधकामावर उतरते, हा खरा प्रश्न आहे.

न्यायालयांची आरतीही ओवाळायची नाही. गोव्यात ८८ लोहखनिज पट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते ७ फेब्रुवारी २०१८ रोजी. तोवर डोंगर जहाजांत भरून गेले होते. वनशक्ती प्रकरणात १६ मे २०२५ रोजी 'आधी काम, मागून परवानगी' ही प्रथा बेकायदा ठरली, आणि नोव्हेंबरमध्ये तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी तो निकाल मागे घेतला. मागून मिळणारी परवानगी वाळूच्या बाबतीत निव्वळ विनोद आहे. उपसलेल्या खड्ड्याचे मूल्यांकन कसले करणार?

म्हणून मागणी न्यायालयाकडे नाही, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आहे. जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा हरकतींसाठी संकेतस्थळावर २१ दिवस ठेवावा लागतो. तो लागला की गोदाकाठच्या गावांनी उघडून पाहावा : आपल्या घाटाची मोजणी पावसाळ्यापूर्वी कोणत्या तारखेला झाली, पावसाळ्यानंतर कोणत्या तारखेला झाली आणि दोहोंतील फरक किती ब्रास? ते रकाने रिकामे असतील, तर हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.