विश्लेषण : दहा लाखांच्या आतली वेगवान हॅचबॅक कुठे गेली?

फियाट अबार्थ पुंटो (2015), मारुती बलेनो आरएस (2017), टाटा टियागो जेटीपी (2018). तिन्ही गाड्या बाजारात आल्या तेव्हा त्यांची एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत होती. टियागो जेटीपी तर 6.39 लाखांना होती. आज यातली एकही नवी मिळत नाही. उलट 2025 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय 52.99 लाखांना आणली आणि पहिल्या 150 गाड्या हातोहात गेल्या. म्हणजे हौस संपलेली नाही. मग स्वस्त वेगवान गाड्याच का बंद पडल्या?

हिशेब कुठे बिघडतो?

टियागो जेटीपी बाहेरून साधी टियागोच. पण आत नेक्सॉनचे 1.2 लिटर टर्बो इंजिन, वेगळे सस्पेन्शन, बदललेले गिअर रेशो. कोइम्बतूरच्या जयेम ऑटोबरोबर टाटाने ती तयार केली. असा प्रत्येक बदल विकसित करायचा, त्याच्या चाचण्या घ्यायच्या, प्रमाणपत्र मिळवायचे, सुटे भाग साठवायचे. हा खर्च शंभर गाड्या विकल्या काय किंवा लाख, जवळपास तेवढाच. किंमतही फार वाढवता येत नाही, कारण आणखी लाखभर घातले की ग्राहकाला त्याहून मोठी गाडी दिसू लागते.

1 एप्रिल 2020 रोजी बीएस-6 नियम लागू झाले आणि प्रत्येक मॉडेलचा हिशेब नव्याने मांडावा लागला. नेक्सॉनमधले इंजिन बीएस-6 झाले, जेटीपी मात्र बंद झाली. बलेनो आरएसही त्याच सुमारास गेली. तिचे 1.0 लिटर बूस्टरजेट इंजिन 2023 मध्ये परतले, पण फ्रॉन्क्समध्ये, एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या गाडीत. चाकणला बनणारी पोलो 2022 मध्ये थांबली, तिचे 1.0 टीएसआय इंजिन टायगुन आणि व्हर्टसमध्ये चालू राहिले. तंत्रज्ञान होतेच, पण कंपन्यांनी ते जास्त खपणाऱ्या गाड्यांत वापरले.

कर किती जबाबदार?

काही प्रमाणात. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत असेल तरच गाडी करासाठी ‘लहान’ ठरते. रांजणगावला बनणारी अबार्थ पुंटो लांबीत बसत होती, पण तिचे इंजिन 1368 सीसीचे. सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवर 18 टक्के आणि बाकीच्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. मात्र बलेनो आरएस लहान गाड्यांच्या गटात बसूनही टिकली नाही. त्यामुळे सगळे खापर करावर फोडता येत नाही.

युरोपात दुखणे वेगळे आहे. तिथे कंपनीच्या गाड्यांचे सरासरी कार्बन उत्सर्जन मर्यादेबाहेर गेले, तर प्रत्येक जादा ग्रॅममागे, प्रत्येक गाडीमागे 95 युरो दंड होतो. ह्युंदाईने 2024 मध्ये आय20 एन आणि आय30 एन या पेट्रोल गाड्या युरोपात थांबवल्या. इलेक्ट्रिक आयोनिक 5 एन ठेवली.

मग महागड्या गाड्या कशा येतात?

2018 च्या नियमानुसार कंपनीला वर्षाला 2,500 पर्यंत गाड्या वेगळ्या भारतीय प्रमाणपत्राशिवाय आयात करता येतात. स्कोडाने 2025 मध्ये आणलेल्या ऑक्टाव्हिया आरएस 100च होत्या, किंमत 49.99 लाख. आयात शुल्कामुळे किंमत चढते, पण प्रमाणपत्राचा खर्च वाचतो आणि मोजक्याच गाड्या आणल्याने त्या शोरूममध्ये पडून राहण्याची भीती नसते. सहा-सात लाखांच्या गाडीला ही सोय परवडणारी नाही.