ट्यूब पिशवीत घालून द्या

सिव्हिलच्या स्किन ओपीडीसाठी आम्ही तालुक्याच्या गावातले डॉक्टर जी चिठ्ठी देतो, ती बहुधा एका ओळीची असते. ‘हातावर चट्टा, कृपया तपासून उपचार व्हावेत.’ खाली सही, शिक्का. मीही वर्षानुवर्षं तशीच लिहीत आलो. एका मावशींच्या हाताने ती सवय मोडली.

मावशी खानावळीत भाकऱ्या करतात. उजव्या कोपराच्या जरा वर रुपयाएवढा फिकट चट्टा, कडेला किंचित लाल. नायटा असेल म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. लावली की लाली उतरायची, सोडली की पुन्हा दिसायची. असं चार महिने चाललं. माझ्याकडे आल्या तेव्हा चट्टा जवळजवळ पुसट होता. मी तो नुसता पाहिला. बोट फिरवलं नाही, ट्यूब कोणती ते विचारलं नाही आणि चिठ्ठी फाडून दिली. त्यांनी पहाटेची एसटी धरली, केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिल्या, मग त्वचारोगाच्या रांगेत. एका दिवसाची मजुरी बुडाली. एवढं करून समोरच्या तरुण डॉक्टरच्या हाती काय पडलं, तर माझी एक ओळ आणि सकाळीच मलम चोपडलेला हात. गजकर्णाच्या गोळ्या घेऊन मावशी परतल्या. त्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. त्याने पाहायचं ते मलमाने आधीच पुसलं होतं आणि सांगायचं ते मी सांगितलं नव्हतं.

दोन-अडीच महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. चट्ट्यासाठी नव्हे, करंगळीवर भाजल्याचा मोठा फोड होता म्हणून. “तव्याला हात लागला डॉक्टर, पण कळलंच नाही. वास आला तेव्हा बघितलं.”

त्यांना डोळे मिटायला लावले. कापसाची बारीक वात केली. “जिथं लागेल तिथं दुसऱ्या हातानं बोट ठेवा,” म्हटलं. अंगठ्याला वात टेकली, लगेच बोट आलं. तर्जनीला टेकली, आलं. करंगळीवर फिरवली आणि मावशी डोळे मिटून तशाच वाट पाहत बसल्या. चट्ट्यावरही तेच. कोपराच्या आतल्या अंगाला, जिथं ठोकर बसली की झिणझिण्या येतात, ती नस बोटाखाली जाड लागली. कुष्ठरोग होता. ही तपासणी पहिल्या दिवशी झाली असती तर तिला तीन मिनिटं लागली असती.

आपल्याकडे २००५च्या डिसेंबरात कुष्ठरोगाचं प्रमाण देशपातळीवर दहा हजारांमागे एकाच्या खाली आल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ आमच्यापैकी अनेकांनी ‘गेला’ असा घेतला. मीही घेतला होता.

आणि ट्यूब. या ट्यूबांमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासॉलसारखं जबर स्टेरॉइड अशी खिचडी असते. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, आजार आत चालूच राहतो. गजकर्णाची गोल कड त्याने मोडते, बुरशी पसरते आणि ओळखूही येत नाही. २०१८मध्ये केंद्राने अशी अनेक स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही माझ्या टेबलावर रोज अशी एखादी पिळून सपाट झालेली ट्यूब येते.

म्हणून आता मी रुग्णाला सांगतो, ट्यूब फेकू नका, रिकामी असली तरी पिशवीत घालून न्या. आजार घाईचा नसेल तर मलम दोनेक आठवडे बंद ठेवून मगच पाठवतो. खरवडून बुरशी पाहायची तर कातडी कोरी हवी. बंद केल्यावर चट्टा काही दिवस चांगलाच भडकतो, हे आधी सांगावं लागतं, नाहीतर माणूस घाबरून तिसऱ्या दिवशी तीच ट्यूब पुन्हा आणतो. चिठ्ठीत लिहितो: चट्टा पहिल्यांदा कधी आणि कसा दिसला, काय लावलं, किती दिवस, घरात आणखी कुणाला आहे का, आणि स्पर्श कळतो की नाही. ‘कुष्ठरोग’ हा शब्द मात्र उघड्या कागदावर लिहीत नाही. रांगेत ती चिठ्ठी पाच जण वाचतात आणि गावात बातमी रुग्णाच्या आधी पोचते. ‘संवेदना नाही, नस जाड’ एवढं वाचणाऱ्याला पुरतं, आणि तेही पाकिटात.

काहींना पाठवूच नये. खरजेसाठी सात जणांचं घर सिव्हिलला कशाला? एकाच रात्री सगळ्यांनी मानेपासून तळव्यांपर्यंत औषध लावायचं, आठवड्याने पुन्हा. नागिणीचंही तसंच. तिचे दोन्ही वेढे जुळले की माणूस दगावतो, ही भीती अजून आहे, आणि त्यापायी मंत्र टाकण्यात जे दिवस जातात तेच मोलाचे असतात. गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हायला हव्यात. फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

आणि फिट्सची, युरिक ॲसिडची किंवा सल्फाची नवी गोळी सुरू होऊन काही आठवड्यांत ताप, तोंडात फोड, लाल डोळे, कातडी दुखू लागली, तर ओपीडीचा वार पाहत बसायचं नाही. गोळी बंद आणि सरळ अपघात विभागात.

मावशींना कुष्ठरोग म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, “खानावळीतनं काढतील का?” नसेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या, या वेळी योग्य मापात आणि देखरेखीखाली, आणि एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांची, सहा महिन्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाली. मालकाला काही सांगायची गरज पडली नाही. सिव्हिलच्या त्याच डॉक्टरने या वेळी माझ्या चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहून पाठवलं, इतक्या वर्षांत मला मिळालेलं बहुधा दुसरं किंवा तिसरं. ते मी फाइलला लावून ठेवलं आहे.

परवा त्या आल्या होत्या. वात पुन्हा फिरवली. करंगळीच्या मुळाशी, तळव्याच्या कडेला त्यांचं बोट आलं, जरा उशिरा. शेंड्यावर अजून येत नाही. तवा आता फडक्याच्या दुहेरी घडीने धरतात.