पाणी जड आहे, म्हणजे नेमकं काय?

मैत्रिणींनो, नव्या घरात राहायला गेलं की शेजारणीला आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘इथलं पाणी कसं आहे हो?’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं, ‘जड आहे बाई.’ म्हणजे डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, धुतलेले केस राठ होतात आणि पातेल्याच्या तळाशी पांढरी पुटं चढतात. एवढं ऐकलं की आपल्याला पाणी कळलं असं वाटतं. पण हे पाणी तान्ह्या बाळाला द्यायचं की नाही, ते या उत्तरातून कळत नाही.

आमच्या भातसानगर-शहापूर भागात हा प्रश्न जास्तच टोचतो. घरापासून हाकेच्या अंतरावर भातसा धरण आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून जेवढं पाणी साठतं, त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसात असतं. धरणातून सोडलेलं हे पाणी नदीने पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उपसलं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईच्या नळाला पोचतं. 1892 साली बांधलेलं तानसा धरणही याच तालुक्यातलं. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. बाकीच्यांची भिस्त विहिरीवर, नाहीतर बोअरवेलवर.

धरणाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत फरक का, हे आधी समजून घेऊ. सह्याद्रीवर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून सरळ धरणात येतो. खडकाशी त्याची गाठ थोडाच वेळ पडते, म्हणून ते मऊ राहतं. बोअरचं पाणी मात्र वर्षानुवर्षं काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपत असतं. वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार त्यात विरघळतात. शाळेत आपण ज्याला ‘दुष्फेन’ पाणी म्हणून पाठ केलं, ते हेच. त्यातले काही क्षार पाणी उकळल्यावर तळाशी बसतात, तीच ती पांढरी पुटं. काही क्षार उकळूनही जात नाहीत.

आता मुख्य मुद्दा. जडपणा हा त्रास आहे, पण तो विष नाही. भारतीय मानक सांगतं की पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने वेगळी मर्यादाच घातलेली नाही. ‘जड पाण्याने मुतखडा होतो’ असं सर्रास म्हणतात, पण तसं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पाणी कमी पिणं हे मुतखड्याचं त्याहून मोठं कारण. आणि लांबून हंडा आणणारी बाई घरात सगळ्यांना पाणी पुरवते, स्वतःची तहान मात्र मारते, हे आपण रोज बघतो.

या जडपणाच्या भीतीवरच एक मोठा बाजार चालतो. गळ्यात टाय लावलेला मुलगा दारात येतो. ‘काकू, फक्त पाच मिनिटं,’ म्हणतो. आपल्या पाण्याच्या ग्लासात दोन सळ्या बुडवून वीज सोडतो आणि बघता बघता पाणी गढूळ तपकिरी होतं. शेजारच्या ग्लासात त्याच्या यंत्राचं पाणी नितळच राहतं. घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात आणि महिन्याच्या हप्त्यावर यंत्र घरात येतं. अहो, ती घाण पाण्यातली नसते. सळी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि त्या लोखंडाचाच गंज सुटतो. पुढच्या वेळी त्याच्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तेही पाणी तसंच तपकिरी होईल.

दुसरं हत्यार म्हणजे पेनासारखा टीडीएस मीटर. पाण्यात एकूण क्षार किती विरघळलेत, एवढाच अंदाज तो देतो. त्यासाठी मानकाची मर्यादा 500 आहे आणि दुसरा पर्याय नसेल तर 2000. पण जुलाबाचे, काविळीचे, टायफॉइडचे जंतू त्या पेनाला दिसतच नाहीत. मीटर शंभर दाखवेल आणि पाणी तुमच्या मुलाला दवाखान्यात नेऊन ठेवेल, असं सहज होऊ शकतं. पाण्यात क्षार खरोखरच फार असतील तर आरओ यंत्र जरूर घ्यावं. पण ते एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतं. जिथे हंड्यासाठी रांग लागते तिथे हा खर्च परवडतो का, याचा हिशेब आधी करावा.

खरा धोका कुठे असतो? बचत गटाच्या कामानिमित्त मी पाड्यांवर जाते. तिथे टँकर येतो तो बऱ्याचदा विहिरीतच रिकामा होतो आणि मग बायका दोर टाकून ते पाणी शेंदतात. पोहरा जमिनीवर ठेवलेला, कठड्याला शेवाळ, बाजूला गुरं बांधलेली. ते पाणी दिसायला स्वच्छ, फेस भरपूर, डाळही झटपट शिजते. म्हणून सगळ्या म्हणतात, ‘ताई, टँकरचं पाणी चांगलं आहे.’ ते मऊ आहे, एवढंच. चांगलं आहे की नाही, ते तपासल्याशिवाय कोण सांगणार? तुरटी फिरवली की गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, पण पिशवी उघडी राहिली की तिचा जोर उतरतो. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं. पावडर टाकली, एवढ्यावर समाधान मानू नये.

नायट्रेटचंही तसंच. शोषखड्डा किंवा उकिरडा विहिरीला खेटून असला की ते पाण्यात उतरतं. त्याची मर्यादा 45 आहे आणि तिथे सवलत नाही. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला ते घातक ठरू शकतं. आणि उकळून ते जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतं. त्याची ना चव कळते, ना फेस सांगतो.

हे सगळं तपासायची सोय आपल्या गावात असायला हवी, तीही बायकांच्या हातात. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण देऊन तपासणी संच द्यायचा, अशी तरतूद आहे. त्यात जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, शिल्लक क्लोरीन असं सगळं घरच्या घरी बघता येतं. जंतूंसाठी छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर पाणी पिण्यालायक नाही. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकही नेमलेला असतो. पाण्याच्या धोक्याप्रमाणे ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्डही दिलं जातं. आपल्या गावाला कुठल्या रंगाचं कार्ड आहे, हे तुमच्यापैकी किती जणींना माहीत आहे?

मुंबई महापालिका रोज शहराच्या वेगवेगळ्या भागांतून पाण्याचे नमुने घेऊन तपासते. कुठल्या विभागात किती नमुने पिण्यास अयोग्य निघाले, हे वर्षाच्या अहवालात छापते. त्याची बातमी होते, नगरसेवकाला जाब विचारला जातो. पाणी आपल्या तालुक्यातून जातं, तर ते तपासायची ही शिस्त आपल्याकडे का असू नये? भावली धरणातून शहापूरला पाणी आणायची योजना आहे, घरोघरी नळ देण्याचंही बोललं जातं. नळ आलेच पाहिजेत, त्यासाठी भांडायलाच हवं. पण नळाला काय येतंय हे विचारणारी बाई गावात नसेल, तर रोगही त्याच नळाने घरात येईल.

म्हणून पुढच्या ग्रामसभेला घरकाम आवरून जा, आणि एकटी जाऊ नका. तीन गोष्टी विचारा. तपासणीचा संच कुठे आहे आणि शिकलेल्या पाच जणी कोण? आपल्या विहिरीचा, बोअरचा, टँकरचा शेवटचा तपासणी अहवाल कधीचा? आणि तो पंचायतीच्या फळ्यावर तारखेसह, सर्वांना वाचता येईल असा का लिहीत नाही? संच कपाटात कुलूपबंद असेल तर बाहेर काढायला लावा. तोवर लहान मुलांचं आणि आजारी माणसांचं पाणी खळखळून उकळा, हंडा झाकून ठेवा, पाणी दांड्याच्या ओगराळ्याने घ्या.

डाळ शिजेना तर ती रात्री भिजत घालता येते. पातेल्याचा थर लिंबाच्या सालीने निघतो. जडपणाशी आपण आयुष्यभर घरच्या युक्त्यांनी निभावून नेलंय. पण जे डोळ्यांना दिसत नाही, त्याला युक्ती पुरत नाही. तिथे आकडाच लागतो, आणि तो मागून घ्यावा लागतो.